चार टाकाऊ कादंबऱ्या आणि समितीतली एक खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीत एक जागा रिकामी झाली. बापट गेले. (मुलाकडे, बंगळूरला.) कोणती पुस्तकं घ्यायची ते ही समिती ठरवते, आणि गेली पाच वर्षं काय ठरवते ते दर्शनी कपाटात दिसतंच. चकचकीत कव्हरं, पाठमोऱ्या बायका, कोपऱ्यात रक्ताचा एक थेंब. पनवेलच्या वाचकाची चव पार बिघडली आहे. कुणीतरी सुधारायला हवी. त्या लायकीचा माणूस गावात शोधू गेलं तर शेवटी मीच सापडतो.

तळोज्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं केमिस्ट म्हणून क्वालिटी कंट्रोल सांभाळलं. ड्रमचं झाकण उघडल्याबरोबर माल कसा आहे ते सांगायचो. एकाही कागदावर न वाचता सही केली नाही. कादंबरी म्हणजे तरी काय, एक बॅचच.

संकल्प: सध्या सर्वांत जास्त मागणी असलेल्या चार कादंबऱ्या तपासायच्या. प्रत्येकी दहा पानं पुरे, सॅम्पल तेवढंच लागतं. अहवाल लिहून २ मार्चच्या वार्षिक सभेत वाचायचा. सभा आपणहून खुर्ची पुढे करील. अर्ज आजच भरून टाकला.

आशालताला सांगितलं. बायको असली तरी ती विरुद्ध पक्षाची. असल्या कादंबऱ्या आठवड्याला दोन संपवते, ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. बरं, म्हणाली. चहा आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिली बॅच: 'मोगरा आणि मॅनेजर'. पानं ४१२. नायिका गरीब. नायक मॅनेजर. हा गृहस्थ दिवसभर खिडकीत उभा राहून तिच्या केसांतल्या गजऱ्याचा विचार करतो. प्रॉडक्शन कोण बघतं? पान ३ वर समासात पेन्सिलीने शेरा मारला: 'हा माणूस नोकरीत टिकणार नाही. प्र. टि.'

वाचनालयाच्या पुस्तकात शेरे मारायची पद्धत आपल्याकडे जुनी. पण लोक लिहितात काय, तर 'हृदयस्पर्शी!!', 'मस्त टाइमपास' आणि एखाद्या प्लंबरचा फोन नंबर. माझे शेरे सहीनिशी असतात. प्रभाकर टिपणीस जबाबदारी टाळत नाही.

दहाव्या पानाला थांबायचं होतं. पण सॅम्पल नुसतं वरच्या थरातून घेऊन चालत नाही. मधून घ्यावं लागतं, तळातून घ्यावं लागतं. उद्या मधला थर.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३

'मोगरा' तळापर्यंत तपासली. मॅनेजर नोकरी सोडून नर्सरी काढतो (मी पान ३ वरच सांगितलं होतं). पस्तीस वर्षांनी ती त्याच्याकडे रोप घ्यायला येते. तो ओळखतो, ती ओळखत नाही. अत्यंत हास्यास्पद.

तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा होता, डोळे चुरचुरून पाणी आलं. खिडकी लावायला सांगितली. आशालता म्हणाली, सकाळपासून बंदच आहे. तो वायू फटीतून येतो, हे हिला कोण समजावणार! शेवटच्या पानावर शेरा: 'रिजेक्ट.' चहा आला. मागून रुमालही आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी बॅच: 'सेनापतीची तिसरी शपथ'. ६४० पानं, उशी म्हणून बरं. सेनापती शपथ घेतल्याशिवाय पाणी पीत नाही. घोडा पहिल्या दीडशे पानांत एकसष्ट वेळा खिंकाळतो. मोजलं. शेरा: 'या जनावराला डॉक्टरांना दाखवा.' दीडशेला सोडली. पुढे काय होणार ते घोड्यालाही ठाऊक असेल.

वाचनालयात काशिरामने गाठलं. काशिराम तिथला शिपाई, उरणकडचा, नोकरीची तीस वर्षं झाली असतील. म्हणाला, काका, तुमी लिवता न् आमाला खोडाया लागतं, माजा खोडरबर सपला. मी त्याला टीकेचं समाजातलं स्थान दहा मिनिटं समजावून दिलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, असंल, पन पुस्तक वाचनालयाचं हाय.

या लोकांमुळेच समीक्षा मागे राहिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी बॅच: 'शांततेचा पासवर्ड'. खारघरचा एक आयटी इंजिनिअर कंटाळतो आणि हिमालयात जातो. तिथे एक साधू त्याला इंग्रजीत उपदेश करतो. नुसती शांतता हवी होती तर इथून जवळच्या आपटा गावी नदीकाठी जाऊन बसायचं. एसटीने जेवायच्या वेळेला घरी परत.

बाविसाव्या पानावर सोडली. माझा निश्चय टिकत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पान १९ वरचा श्वासाचा व्यायाम तेवढा तपासणी म्हणून करून पाहिला. जाग आली तेव्हा पुढ्यात चहा होता, साय धरलेला.

अहवालाची प्रगती: शीर्षक आणि आभार तयार. मधलं राहिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चौथी बॅच: 'साडेचारचा मृत्यू'. या पुस्तकासाठी तेरा जण वेटिंगवर, म्हणून मुदत दोनच दिवसांची. माणसं वेडी झाली आहेत. नंबर आशालताचा लागला होता, तिच्या कार्डावर मी घेऊन आलो. तिचं वाचन काय, करमणूक. इथे काम आहे.

भाऊसाहेब नावाच्या उद्योगपतीच्या बंगल्यात दुपारी बरोबर साडेचारला माणसं मरतात. आधी भाऊसाहेब, मग त्यांचा वकील. विषप्रयोग. विष पोटात गेलं कसं, ते पोलिसांना उलगडत नाही. चौथ्या प्रकरणात मला उलगडलं. इंजेक्शन! म्हणजे खुनी भाऊसाहेबांचा डॉक्टर मेहुणा. एवढ्यासाठी तीनशे पानं लिहिली लेखिकाबाईंनी.

आणखी एक ढिसाळपणा. भाऊसाहेबांची पत्नी सुलभावहिनी प्रत्येक प्रकरणात ट्रे घेऊन येते आणि जाते. कथानकाशी काही संबंध नाही. शेरा: 'हे पात्र अनावश्यक. कमी करावे. प्र. टि.'

चहा आला.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.४०

पान २०५. डॉक्टर जिन्यात उभा आहे. हातात बॅग. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट हुकली. दात काय, पुन्हा दुखेल.

बांधणी अगदी भिकार. जेवून मी तासभर आडवा होतो, तेवढ्यात पानांतली खूण रोज हललेली असते.

आत्ताच आशालताने कसलासा कागद पुढे केला, खाली सही हवी म्हणाली. वाचून मग करा, असंही म्हणाली. सोसायटीच्या टाकीबद्दलच असणार. डॉक्टर जिन्यात असताना टाकी कसली घेऊन बसलीस, म्हटलं, आणि सही ठोकली. चहा गार झाला. दुसरा आला.

पुढच्या वाचकांची दया येऊन पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं: 'खुनी = डॉक्टर मेहुणा. वेळ घालवू नये. प्र. टि.' तेरा जणांच्या तेरा दुपारी वाचवल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काशिराम दारात हजर. मुदत कवाच सपली, लोकं बोंबलतात, म्हणाला. साठ पानं राहिली होती. संध्याकाळपर्यंत राहू दे म्हटलं, तर नाय म्हणून सरळ हातातून घेतलं.

मला काही फरक पडत नाही. खुनी माहीत आहे. डॉक्टर कबुली कशी देतो एवढंच पाहायचं होतं, तेही भाषेच्या दृष्टीने. वेटिंगला नाव घातलं. चौदावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल पूर्ण. जळजळीत झाला आहे. आशालताला वाचून दाखवला. मटार सोलत ऐकला. म्हणाली, सेनापतीमधलं घोडा मेल्यानंतरचं प्रकरण फार चांगलं आहे, ते यात आलं नाही. घोडा मरतो? मी तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. चांगल्यातलं चांगलंही सामान्यच असतं, असं काहीतरी बोललो. ती मटारात बघून हसली.

जागेसाठी आणखी एक अर्ज आहे म्हणे. कुणी बाई. ग्रंथपाल पद्मजाबाईंना नाव विचारलं तर त्याही हसल्या. बिचारीची सभेत शोभा होऊ नये म्हणजे झालं. मी शक्यतो सौम्य राहीन.

२ मार्च, रविवार. रात्री ८

सभा झाली.

अहवाल वाचला. घोड्यापाशी हशा. चार मिनिटांत वेळ संपल्याची घंटा.

मग पद्मजाबाई उठल्या. उमेदवार: सौ. आशालता टिपणीस. वर्षभरात एकशे सात पुस्तकं, प्रत्येकाचं टिपण वेगळ्या वहीत. सूचक, आमच्या तळमजल्यावरच्या निशाताई. अनुमोदक, श्री. प्रभाकर टिपणीस.

टाकीचा कागद!

टाळ्या. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. स्वतः इच्छुक असून बायकोला अनुमोदन, केवढं मोठं मन, असं अध्यक्ष म्हणाले. दोघांनी उठून हात मिळवला. तरी मी माझ्या अर्जाची आठवण करून दिली. पद्मजाबाई हळूच म्हणाल्या, तुमच्या अर्जावर अनुमोदकाची सहीच नाही. असा रकाना होता? तो मागच्या बाजूला होता.

मी हसलो. फोटोत तसं दिसतं आहे.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, वाचून करा म्हटलं होतं. वाईट वाटलं. फार वाटलं.

९ मार्च, रविवार

नव्या समितीचा पहिला ठराव: पुस्तकांतले शेरे खोडून पुस्तकं स्वच्छ करणे. जबाबदारी ज्येष्ठ सभासद श्री. टिपणीस यांच्याकडे. ठराव कुणी मांडला ते इथे लिहीत नाही.

तसं पाहिलं तर मानाचंच काम आहे. अनुभवी माणूस लागतो. काशिरामने नवा कोरा खोडरबर हातात ठेवला. आता तुमी, म्हणाला.

'मोगरा' स्वच्छ केली. शेवटचं प्रकरण खोडताना पुन्हा वाचावं लागलं. वारा तळोज्याकडूनच होता.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ४.३०

चौदावा नंबर लागला. 'साडेचारचा मृत्यू' हातात. आधी शेरे खोडायचे, मग ती साठ पानं, अशा शिस्तीने पहिलं पान उघडलं.

माझ्या ठळक शेऱ्याखाली दहा-बारा हस्ताक्षरं. 'काका, सपशेल चुकलात.' 'डॉक्टर बिचारा पान २४८ वर स्वतःच मरतो.' 'साडेचारला घरात काय येतं, काका?' 'ट्रे! ट्रे!' एकाने कपबशीचं चित्र काढलं आहे, वाफेसकट.

सुलभावहिनी. रोज सगळ्यांसमोरून आत यायची आणि जायची. आणि मी चौतीस वर्षांच्या अनुभवाचा केमिस्ट.

सगळ्यांत वर, माझ्या सहीला अगदी लागून, एक ओळ होती. सर्वांत आधीची. अक्षर आमच्या किराणा यादीतलं. 'यांना चहा आणणारी बाई दिसत नाही. मला सवय आहे.'

बाकी सगळं खोडलं. माझं सर्वांत जास्त घासावं लागलं. ती ओळ खोडली नाही.

मग ही रोजनिशी पहिल्यापासून चाळली. चहा आला, चहा आला, दुसरा आला. कोणी आणला ते एकदाही लिहिलेलं नाही.

आशालता समितीच्या बैठकीला गेली आहे. उठलो, स्वतः चहा ठेवला. साखरेचा डबा तीन कपाटांत शोधला, सापडला नाही. फोन करून विचारणार होतो, पण ती बैठकीत असेल.