सहा टक्के कुठे गेले?

श्री. दादासाहेब व्याही यांना चिमाजीचा सविनय रामराम. कमरेतली उसण उतरली का? रहाटणीला लेकाकडे जाऊन पडलात ते बरं केलंत. विहीणबाईंना शेक द्यायचा कंटाळा आला तर कळवा, तनुजाला माहेरी धाडतो. इकडे सगळे खुशाल आहेत, एक माझं डोकं सोडून. ते तापलंय, आणि तुमच्यामुळेच तापलंय.

ऐन कार्यक्रमाच्या सकाळी तुमच्या कमरेत उसण भरली (लग्नाचं जेवण असतं तर भरली नसती) आणि शाळा समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत मला बसवलंत. विषय होता भारत आणि कोरियाचा शिक्षणावरचा सरकारी खर्च, साठ वर्षांपूर्वी आणि आता. बोलायला उत्कर्षाबाई, चाकणच्या कंपनीतल्या इंजिनिअर, कोरियात राहून आलेल्या. बाईंनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एकेकाळी तोही देश आपल्यासारखाच फाटका होता म्हणे, पण त्यांची रेघ चढत गेली. आपल्याला सरकारच्याच शिक्षण आयोगाने साठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, देशाच्या उत्पन्नातले सहा टक्के शिक्षणावर घाला. आपण अजून चाराच्या आसपास घुटमळतोय. आमची अख्खी हयात गेली आणि वरचे दोन टक्के काही निघाले नाहीत, म्हणून मी खुर्चीत बसल्या बसल्या चिडत होतो.

तेवढ्यात बाईंनी सभेला विचारलं, सांगा, शाळेच्या वाट्याचे सहा टक्के गेले कुठे? आता आपल्या भागात टक्के म्हटलं की मास्तरांना मार्क आठवतात आणि बाकीच्यांना भलतंच. शाळेची खोली बांधणारे कंत्राटदार मालोजी माझ्या शेजारीच पेंगत होते (सत्कारासाठी तुम्हीच बोलावलेले). ते दचकून उठले आणि माइकविना गरजले, "सहा कुठलं वो बाई? चारच ठरलं व्हतं, आन् चारच दादासाहेबांकडं पोचवलं!"

बाईंना काही कळलं नाही, गावाला सगळं कळलं. आणि तुमच्या खुर्चीत मी बसलेला, त्यामुळे लोक माझ्याकडे बघून हसत होते.

दादासाहेब, जरा तरी लाज बाळगा. ज्या खोलीचे चार टक्के तुम्ही खाल्लेत, त्याच खोलीत तुमची नात बसायची. (अध्यक्षांची नात सरकारी शाळेत, हे भाषणात सांगता यावं म्हणून ओवीला तिथे घालायला तुम्हीच लावलंत.) मागच्या आठवड्यात छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा तिच्या दप्तरावर पडला. वीतभर अलीकडे पडता तर हे पत्र मी दवाखान्यातून लिहिलं असतं. तेव्हापासून वर्ग व्हरांड्यात भरतो आणि पोर रोज विचारते, आजोबा, आत कधी बसायचं? काय सांगू तिला, कोरियाला जा म्हणून? माझी तळपायाची आग मस्तकाला गेली आहे. ते छत पाडून धड नवं घाला, नाहीतर पुढच्या सभेत माइक घेऊन मीच उभा राहतो.

तुमचा (अजून तरी) व्याही,
चिमाजी

ता. क. छताचं काम निघालं की मालोजीला देऊ नका. तुमच्या जावयाने, आमच्या अजिंक्यने, यंदा कंत्राटदाराचा परवाना काढलाय. जावयाकडून चार टक्के घेणं बरं दिसत नाही, दोनात भागवा.

आणखी एक ता. क. ओवीला जूनपासून राजगुरुनगरच्या खासगी शाळेत घालतोय. तेव्हा छताची तशी घाई नाही.