गप्प सोनमच्या कागदावरची सही

आई, लेकीचा जय भीम.

कंग्राळीतली खोली चांगली आहे, जेवणाचेही हाल नाहीत. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी ‘मुलांना न घाबरवता भाषा शिकवा’ या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट काच लावून टांगलंय. खाली छडी ठेवलीय. काल ते माझ्या कन्नडच्या तासाला आले. दुसरीतली सोनम मी कन्नडमधून सांगितलेलं सगळं बरोबर करते, फक्त अजून कन्नड बोलत नाही. त्यांनी तिला पाठ म्हणायला लावला. ती गप्प राहिली.

“मुकी हाय व्हय ही? परत पहिलीत बसवा!”

तंबाखूच्या वखारीत तू कन्नड बायकांचं वर्षभर नुसतं ऐकलंस आणि एक दिवस त्यांच्याशी कन्नडमधूनच भांडलीस. तुला कळतं ते या दोन पदव्यांच्या माणसाला कळत नाही. कीव करावी, तर तेवढीही लायकी नाही.

सोनमला पहिलीत बसवायचा कागद त्यांनी माझ्या सहीसाठी पाठवला आणि वर बजावलं, “गेस्ट टीचर हाय तुम्ही. सही करा, न्हायतर जूनला दुसरी बाई बघतो.”

मी कागद सहीविना परत दिला. जूनमध्ये मी घरी दिसले, तर शेजारणींपासून लपवू नकोस. लेकीला काढलं म्हणून सांग, आणि का काढलं तेही सांग.

तुझीच,
पूर्णिमा