डब्यातला दुसरा चमचा

४ फेब्रु.
ह्यांच्या पोटाचा रिपोर्ट आला. जठराला सूज, आणि कारण जंतू. वर्षभर मी ओवा-जिरं भाजून देत बसले! डॉ. म्हणाले, "कोर्स पूरा कीजिए, बीच में छोड़ना नहीं. और किसी का जूठा मत खाइए." कोणाचं उष्टं खाता, विचारलं, तर हे औषधांची चिठ्ठी वाचायला लागले.

६ फेब्रु.
कळलं. ऑफिसातल्या मिथिलेशजी, इथून जवळच्या समथर गावच्या बाई. रोज दुपारी ह्यांच्याबरोबर जेवतात, माझ्याच डब्यातलं. "अगं, चमचा एकच असतो ना, आलटूनपालटून घेतो," असं म्हणाले, जसं काही हवामान सांगताहेत. त्या चमच्यावर ह्यांचं नाव कोरलेलं आहे. लग्नातला आहे तो.
तळपायाची आग मस्तकात.

९ फेब्रु.
लग्न झाल्यापासून सांगतेय, जेवायच्या आधी साबणाने हात धुवा. हे नळाखाली बोटं भिजवणार, झालं. आज बेसिनशी किती वेळ घासताहेत! म्हटलं, काय झालं?
"मिथिलेशजी म्हणाल्या, नाखून के नीचे भी."
पाणीही उकळलेलंच नेतात आता. तेही तिनेच सांगितलं म्हणे. मी इतकी वर्षं काय भिंतीशी बोलत होते?

१३ फेब्रु.
मलाही रिकाम्या पोटी जळजळतं. तपासणीला देऊन आले. खरं कारण इथेच लिहिते: रात्री आम्ही दोघं एका ताटात जेवतो. माझं पोट स्वच्छ निघालं तर जंतू त्या मिथिलेशकडूनच आले, हे सिद्ध. मग बघतेच.

१५ फेब्रु.
मलाही आहेत.
डॉ.ना विचारलं, कोणी कोणाला दिले? "यह कोई नहीं बता सकता. अक्सर तो बचपन से ही रहते हैं." म्हणजे माझ्याकडून ह्यांना, आणि ह्यांच्या चमच्यातून तिला, असंही असेल. हे हसले. मला अजिबात हसू आलं नाही. आजपासून ताटं दोन.

१८ फेब्रु.
सदर बाजारात हे होते बरोबर, आणि समोर मिथिलेशजी. साधीच आहे. ह्यांना भैयाजी म्हणते. मी म्हटलं, तुम्हीही तपासून घ्या. तर म्हणे, "हओ भाभीजी, हमाए पेट में सोई जलन रहत." तिच्याही पोटात जळजळ! वाईट वाटलं. खरंच वाटलं.
मग म्हणाली, "आपके हाथ का करेला बहुत बढ़िया! भैयाजी खों तनकऊ नईं पुसात, सो हमईं खा लेत." म्हणजे ह्यांना कारलं जराही आवडत नाही, ते हीच खाते!
हे भाजीच्या गाड्याकडे बघत उभे. मला कारलं करायचा कधी कंटाळा आला नाही, ह्यांना आवडतं म्हणून करत होते. डबा रोज पुसल्यासारखा परत यायचा. घरी मात्र रात्री केलं की ह्यांना भूक नसायची. जंतूंचं सोडा, हे तिला माहीत आणि मला नाही!


२० फेब्रु.
सकाळी मुद्दाम कारलंच केलं. डब्यात चमचे दोन ठेवले, एक ह्यांचा, एक नवा, आणि बजावलं, ज्याचा त्याने घ्यायचा. "हो गं बाई, घेऊ."
संध्याकाळी डबा धुवायला घेतला. कारलं संपलेलं. ह्यांच्या नावाचा चमचा खरकटा. नवा तसाच, कोरडा.
एक तर ह्यांनी आज माझ्यासाठी एकट्याने कारलं संपवलं, नाहीतर पुन्हा तोच एक चमचा, आलटूनपालटून.