दादाच्या उसाची तारीख

३ सप्टेंबर
वडगाव गटात कारखान्यासाठी उसाच्या लागणीच्या नोंदी. सोळा शेतकरी, बूट चिखलात गेले. बापूरावांनी गाडीपाशी गाठलं. "साहेब, आमची ऑगस्टची लागण जुलैत धरा. वीस देतो." हजार म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. कारखान्यात तोडीचा नंबर लागणीच्या तारखेवर लागतो, आणि तारीख मोबाईलात मी भरतो. उशिरा तोड म्हणजे ऊस उन्हात वाळणार, वजन घटणार. नाही म्हणालो. दिवसभर स्वतःला फार थोर समजत फिरलो.

५ सप्टें.
दादाकडं जेवण. वहिनीनं माझ्या आवडीचं मेथीचं गरगट्टं केलेलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं. हात धुताना दादा म्हणाला, "आपल्या उसाला वीस जुलै टाक."
लागण झाली सतरा ऑगस्टला. पहिल्या सरीत नारळ मीच फोडला. म्हटलं, "दादा, मी हुतो की तितं."
"म्हणूनच तुला सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगू?"
मला शिकवायचं म्हणून त्यानं दहावीत शाळा सोडली. कधी बोलून दाखवत नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

८ सप्टें.
सुरेखाला सांगितलं. बायको माझी, पण वकील दादाची. "बापूरावाचं पैसं घेतलं असतं तर पाप. भावाचं फुकट करायचं, त्यात कसलं पाप?" वर, नोकरी गेलीच तर तिचा भाऊ लोणी देवकरला कंपनीत चिकटवणार. सगळी सोय आहे.
पण तोड म्हणजे रांग. दादा पुढं गेला की कुणीतरी मागं. बांधाला लागून हौसाकाकूंचा ऊस, लागण दोन ऑगस्टची. एकटी बाई. तिचा ऊस एप्रिलपर्यंत रानात राहिला तर...

११ सप्टें.
दादाच्या रानात. कोंब वीतभर. याला जुलैचा म्हणायला आंधळाच पाहिजे. दादा बांधावर. सतरा ऑगस्ट भरली, मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलं नाही.
"बरं झालं, साहेब. या तुमी."
तुमी. जन्मात पहिल्यांदा. मोटारसायकलला किक बसेना. कॅनॉलवर थांबून रडलो. लिहायला लाज कसली.

१२ सप्टें.
वीस जुलै टाकली असती तर आभाळ कोसळलं असतं का? नसतं. हेही इथं लिहून ठेवतो. खरं वागल्यावर बरं वाटतं म्हणणारा भेटला तर कानाखाली मारीन.

१५ सप्टें.
चहाच्या टपरीवर बापूराव, चारचौघांत. "भावाचा ऊस जुलैत गेला म्हणं. आमचंच पैसं तेवढं कडू व्हय?" मोबाईल उघडून तारीख दाखवली. म्हणाले, "दाखवायची येक, आतली येक." हौसाकाकू तिथंच किटली घेऊन उभ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. जिच्यापायी एवढं केलं तीसुद्धा.
म्हणजे गावाच्या लेखी मी तारीख बदलली. दादाच्या लेखी नाही बदलली. दोन्हीकडून मीच वाईट.
घरी येऊन दादाला फोन लावला. वहिनीनं उचलला. "रानात गेल्यात." मागं दादा खोकत होता.
नोंदीत दुरुस्ती शुक्रवारपर्यंत करता येते. अजून तीन दिवस.