पंपाला पंच्याहत्तर

३ एप्रिल
येडगावहून मंगलवहिनीचा फोन. टोमॅटोची पानं कडेनं करपली, फूल गळतंय. परवा विरघळणारं खत फवारलं होतं. प्रमाण आमच्या कंपनीच्या एआय मदतनीसाला फोनवर विचारलं होतं. "पंपाला पंच्याहत्तर ग्राम म्हणला तो. मी काट्यावर मोजून घातलं, ताई." पाठीवरच्या पंधरा लिटरच्या पंपाला फवारणीसाठी तीस पुरतं. तो मदतनीस त्यांच्या घरात मीच नेला, तोही केवढा मोठेपणा मिरवत.

४ एप्रिल
सकाळी आठलाच बसले. नोंदी उघडल्या. वहिनीचं बरोबर आहे, पंच्याहत्तरच सांगितलंय.

मदतनीसानं काय सांगायचं त्या सूचनांच्या क्रमांकवार प्रती आम्ही ठेवतो. तेरावी मंजूर. चौदावी माझी, कच्ची. तिच्यात आळवणीचं, म्हणजे मुळाशी ओतायचं प्रमाण घातलं आणि "पानांवर फवारू नये" हे लिहायच्या आधी ती तशीच साठवून चहाला उठले. प्रत आणून देणारं जे टूल आहे त्याचं वर्णनही माझंच. मदतनीस ते वर्णन वाचूनच टूल वापरतो. मी काय लिहिलं होतं? "पिकाची सूचना आणते." बस. क्रमांक दिला नाही तर शेवटची साठवलेली प्रत येते, मग ती कच्ची का असेना, हे कुठंच नाही.

आमच्या घरात "तो डबा आण" म्हटलं की बरोबर तोच डबा येतो. तीच सवय. यंत्र काय आमच्या घरात वाढलंय?

चौदावी काढून टाकली. दुसऱ्या कुणाला हे उत्तर गेलं नाही, दोनदा तपासलं. गेलं ते फक्त माझ्याच माणसांना.

५ एप्रिल
नारायणगावहून जीपनं येडगाव. अर्धा प्लॉट गेल्यात जमा. दत्तूभाऊ (माझा चुलतभाऊ, वहिनीचा नवरा) बांधावर बसून करपलेली पानं खुडत होता. काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, मात्र पट्टा चालू. "हिला घाई लई. हात आखडत न्हाई कशाला." वहिनी एवढंच म्हणाली, "मशिननं सांगितलं तेवढंच घातलं." मग काकू माझ्याकडं वळल्या. "काय गं, तुमचं मशिन असं सांगंल व्हय?"

मी म्हणाले, "सहसा नाही सांगत."

खोटं नाही. खोट्याहून वाईट. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं आणि चुलीवरचं दूध उतरवायला आत गेली. मी चहा पिऊन आले. पिऊन!

७ एप्रिल
ऑफिसात आमच्या सरांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं, ओरडले नाहीत. "वर्णन आधी नीट कर. शेतकऱ्याला ऑफिसकडून कळवू, तू परस्पर बोलू नकोस." हायसं वाटलं. त्याचीच लाज वाटतेय.

दिवसभर वर्णन लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी:
"पिकाच्या सूचनांची प्रत आणते. क्रमांक दिला नाही तर शेवटची साठवलेली प्रत येते, ती मंजूर असेलच असं नाही. शेतकऱ्याला उत्तर देताना मंजूर प्रतच मागवावी. ती मिळाली नाही तर अंदाजानं उत्तर देऊ नये. थांबावं आणि माणसाला विचारावं."
वीस प्रश्न टाकून पाहिले. दर वेळी तेरावीच आली.

८ एप्रिल
सरांनी ते वर्णन सगळ्यांना पाठवलं. वर लिहिलं, असं स्वच्छ लिहायला शिका. माझ्याकडून!
वहिनीचा फोन आला होता. उचलला नाही.

१० एप्रिल
ऑफिसनं अजून कळवलेलं नाही. "बघतो," सर म्हणाले. दत्तूभाऊ बाजारात भेटला. म्हणाला, आता खताला वहिनीला हात लावू देत नाही, मीच मोजतो. दहा वर्षं तीच मोजते, एकदाही चुकली नाही. हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. तरी मी मान डोलावली. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

११ एप्रिल
सर गेले उडत. नोंद कागदावर छापून घेतली आणि गेले. घरात वहिनी एकटीच, पालक निवडत. मला पाहून हसली. "बरं झालं आलात. मिटलं ताई सगळं. माझंच माप चुकलं म्हणून मी सासूबाईंच्या पाया पडले. घरात रोजची कटकट नको. आन् खरंच चुकलं असंल. आठवून आठवून मलाच काय कळंना झालंय."

कागद पुढं केला. वाचून दाखवला. पंच्याहत्तर. मग टूल, कच्ची प्रत, माझं वर्णन, सगळं सांगितलं.

तिनं पालक बाजूला सारून कागद हातात घेतला. मला वाटलं, रडेल नाहीतर शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या.

"हे तुमाला कधी कळलं?"
"चार तारखेला."
तिनं बोटांवर दिवस मोजले. "म्हंजी सासूबाईंनी इचारलं तवा तुमाला ठावं व्हतं."

बाहेर दत्तूभाऊची मोटारसायकल थांबली. मागं काकू बसलेल्या. वहिनीनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.
"आता तुमीच वाचून दावा."