तीनशेवा भागाकार

छावणी, औरंगाबाद
मंगळवार, ६ मे १९८६

चि. केयूर यास आईचे आशीर्वाद.

मागच्या महिन्यात तीन वह्या आणवल्या, साडेसात रुपये. काल टँकर आला, दोन हंडे मिळाले, रुपया गेला. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. वाळूजकडं मात्र कारखान्यांच्या भिंती रोज वर चढतायत म्हणे. सिमेंट कशात कालवतात देव जाणे.

वह्या कशाला, ते तुला ठाऊक नाही. दोन वर्षांमागं तू म्हणालास, "बाबा, तुम्ही जन्मभर शिकवलेलं गणित आमचं मशीन चहा होईस्तोवर करतं," अन् पुण्याला निघून गेलास. त्या दिवशी तुझ्या बाबांनी हट्ट धरला: एक मोठी मूळ संख्या हातानं सिद्ध करीन, मगच त्याला घरात बोलावीन. आकडा निवडला ३९,९५,८५७. पुढं साखरेनं डोळे गेले. तेव्हापासून रोज पूजा आटोपली की मी भागायला बसते, हे खाटेवरून ऐकतात.

आकडा फुटणारच असेल, तर फोडणाऱ्या दोघांतला धाकटा त्याच्या वर्गमुळाच्या आत सापडतो, असं ह्यांनी शिकवलं. म्हणून १९९८ पर्यंतच्याच मूळ संख्या घ्यायच्या. त्या भरल्या तीनशे दोन. एकीनंही निःशेष भाग गेला नाही तर आकडा अखंड. मी भागाकार अन् बाकी सांगायची, ह्यांनी मनात अंकांची बेरीज करून नवांचा ताळा घ्यायचा. जुळला की, "लिही." नाही जुळला की, "तुला मॅट्रिकला पास केलं कुणी गं?"

ह्यांचे पाय सुजलेत. डॉक्टर पावसाळ्यापर्यंतचं बोलतात, पुढचं बोलत नाहीत.

शनिवारी तीनशेवा भागाकार होता, १९८७ नं. भाग गेला २०११ वेळा. खाली काही उरलं नाही. तीनदा पाहिलं. मी फुटला म्हटलं असतं, तर ह्यांनी नवा आकडा धरला असता, म्हणजे आणखी वर्ष. तेवढं आपल्या हातात नाही रे. मी देवघराकडं पाठ केली अन् म्हटलं, "दोन हजार अकरा. बाकी एक."

पैचा हिशेब कधी खोटा मांडला नव्हता मी.

ह्यांचे ओठ हलले. थांबले. मग म्हणाले, "लिही."

उरलेले दोन मी खरे केले. ते झाल्यावर हे म्हणाले, "संपलं. केयूरला पत्र टाक. ये म्हणावं."

काल ज्वारी निवडता निवडता मी तो ताळा करून पाहिला. बाकी एक धरली तर जुळत नाही, केयूर. चौथीतल्या पोरालाही कळेल. अन् त्या वेळी ह्यांनी माझी मॅट्रिक काढली नाही.

तू आलास की हे वही तुझ्या हातात देतील. ते पान आलं की तुझेही ओठ हलतील. हलू देत. मशीनचं नाव तेवढं काढू नकोस. पान उलट, अन् पुढं वाच.

कोणत्या गाडीनं निघतोस ते परतीच्या टपालानं कळव.

एकदाच खोटा आकडा लिहिलेली,
तुझी आई