क्रमांक सात, पाठमोरा

२४ जून, सोमवार

पाच! पाच चित्रं विकली गेली पाहिजेत, नाहीतर उत्तरेची भिंत माझी नाही.

थूरामावशीनं हे भट्टी उघडता उघडता सांगितलं, माझ्याकडे न बघता. एकेक वाडगा बाहेर काढायचा, नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायचा. खणखणीत वाजला तर फळीवर. बद्द वाजला तर बादलीत. दोन टिचक्यांच्या मध्ये माझा निकाल.

"जुलै म्हणजे आपली सुगी, येप्पे. सुगीत भिंत अडवून ठेवायला मी धर्मशाळा उघडलेली नाही. चार ऑगस्टपर्यंत पाच. नाही गेली तर तिथे माझ्या माशांच्या ताटल्या लागतील आणि तू कायमचा गल्ल्यावर बसशील."

माशांच्या ताटल्या! पांढरी ताटली, निळा मासा, खाली बेटाचं नाव. बोटीतून उतरलेला जो तो एक घेऊन जातो. मावशीचे खरे वाडगे, ज्यांना ती रात्रंदिवस जपते, त्यांच्यात लोक किल्ल्या ठेवून बघतात.

सात वर्षं मी मावशीच्या या कलादालनात आहे. नववीनंतर शाळा सुटली. सोडली नाही — सुटली. भिंतीवर काय लागावं हे ठरवायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली आहे. मी एगॉनकाकांना निवडलं. मावशी त्यांना 'धुरकट म्हातारा' म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी बंदरावरच्या धुरीघरात हेरिंग माशांना धुरी दिली. काम संपल्यावर रंग हातात घेतले. बेटावर त्यांचं एक चित्र कुणी कधी मागितलेलं नाही. मला ती चित्रं खरी वाटतात. याहून नीट मला सांगता येत नाही. त्यासाठी शाळेत राहायला हवं होतं.

२८ जून, शुक्रवार

चौदा चित्रं आली. सायकलला जोडलेल्या गाड्यावरून, जुन्या चादरींत गुंडाळून. दालनभर धुराचा वास.

"खिडक्या उघड! गिऱ्हाइकाला वाटेल जेवणाची वेळ झाली," मावशी.

"मग ते घेतील तरी काहीतरी," एगॉनकाका म्हणाले. ते इतपतच बोलतात.

संध्याकाळी चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक शब्द कोशात पाहून. तीन वर्षांपूर्वी एका चिठ्ठीत मी 'चिनीमाती' चुकीचं लिहिलं होतं. एका बाईनं वाडग्याचा नाही, माझ्या चिठ्ठीचा फोटो काढला. हसत. तेव्हापासून कोश गल्ल्याखाली असतो.

चौदांतली तेरा चित्रं धुरीघराची. धुराडी, ओल्या विटा, दांड्यावर ओळीनं टांगलेले मासे. क्रमांक सात तेवढं वेगळं — 'पाठमोरा'. एक माणूस आपल्याकडे पाठ करून वाकलाय. समोर काहीतरी ठेवतोय. काय ते दिसत नाही. मागे नुसता तपकिरी रंग. धुरीघरातला कुणी कामगार असावा. डोक्यावर दोन भोवरे, एक टाच लाकडी बुटातून बाहेर आलेली, आणि एप्रनचा डावा पट्टा पाठीवर पिळलेला. मला हे चित्र आवडलं नाही. मावशीला म्हणालोसुद्धा — इतका अजागळ माणूस कशाला रंगवायचा? पट्टा सरळ बांधायला असे कितीसे कष्ट पडतात?

मावशी हसायला लागली. इतकी, की ठसका लागला. तिला पाणी दिलं. माझं मत ऐकून ती नेहमीच हसते.

१ जुलै, सोमवार

एगॉनकाकांना करारनामा वाचून दाखवला. प्रदर्शन चालू असताना चित्रकारानं परस्पर विक्री करायची नाही, हे कलम दोनदा वाचलं. त्यांनी मान हलवली, सही केली. मग रोजच्यासारखे बाकावर बसून राहिले. हिवाळ्यापासून दुपारी येतात, कॉफी पितात, मी कामात असतो तेव्हा मागे बसून कागदावर पेन्सिल चालवतात. शब्दकोडं असेल.

५ जुलै, शुक्रवार

चित्रं टांगली. प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटिमीटर. पाणसळ लावून, दोनदा.

मग मावशीशी भांडण. ती म्हणाली, "चिठ्ठ्यांवर दोन-तीन लाल टिकल्या आत्ताच लावून टाक. टिकली दिसली की माणसाला धीर येतो. दुसऱ्यानं घेतलंय म्हणजे घेण्यासारखं असणार! न कापलेल्या केकला पहिली सुरी कुणी लावत नाही."

मी म्हणालो, टिकली म्हणजे विकलं गेलं. विकलं नसताना लावणार नाही.

"राहा मग खरा. खऱ्याच्या भिंतीवर कोळी जाळी विणतात."

तिचा एक नियम मात्र मी मानतो. लोकांच्या देखत लागलेली टिकली प्रदर्शन संपेपर्यंत निघत नाही. निघाली की गावभर बातमी — चित्र परत आलं! मग त्याला कुत्रंही विचारत नाही.

गल्ल्यावर टिकल्यांचा कोरा कागद ठेवला. चोवीस.

६ जुलै, शनिवार

उद्घाटन. माणसं आली. पांढरी वाइन संपली. चित्रांकडे पाठ करून सगळे एकमेकांशी बोलले. दोन चित्रं गेली. क्रमांक चार आणि अकरा. वहीत नावं लिहिली, टिकल्या लावल्या.

सातसमोर सारखी गर्दी. गावातली माणसंच जास्त. पोस्टातली बोडिल तर तिथे उभी राहून फिदीफिदी हसली, मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. माझी कीव आली असणार. म्हाताऱ्याला उघडं पाडलं मी!

एगॉनकाका नवा शर्ट घालून बाकावर. बटण गळ्यापर्यंत. तिथून हलले नाहीत.

नऊच्या सुमारास आवरताना पाहिलं — सातच्या चिठ्ठीवर टिकली!

७ जुलै, रविवार

कागदावर एकवीस उरल्या आहेत. चारदा मोजल्या. बावीस असायला हव्यात. वहीत सातसमोर नाव नाही.

८ जुलै, सोमवार

मावशीला विचारलं. आता कान उपटेल असं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी खोटी टिकली लावते तेव्हा सांगून लावते. चोरून लावायला मी काय माझ्याच घरात पाहुणी आहे?"

भट्टीची शपथ घेतली. भट्टीची शपथ ती खोटी घेत नाही.

मग कोण? आणि आता काढताही येत नाही. आज तिघांनी सातच विचारलं. तिघांनाही मी म्हणालो, गेलं हो. तिघंही ताटल्या घेऊन गेले.

१७ जुलै, बुधवार

चार गेली. क्रमांक चार, अकरा, दोन, तेरा. एकच उरलं. एकच!

दुपारी जर्मनीतल्या कीलहून आलेला दातांचा डॉक्टर. उंच, सनबर्न झालेलं नाक. सातसमोर अर्धा तास. मी म्हणालो, याच्या शेजारचं बघा, उजेड किती छान आलाय.

"ते चित्र आहे. हा माणूस आहे," तो म्हणाला. "इतक्या काळजीनं वाकणारा मदतनीस मी बारा वर्षं दवाखान्यासाठी शोधतोय. निदान भिंतीवर तरी असू दे."

टिकली दाखवली. त्यानं आपलं कार्ड दिलं. चित्राचा घेणारा फिरला तर कळवा, दोन तारखेच्या बोटीपर्यंत इथेच आहे. दुसरं कुठलंही चित्र नको.

कार्ड वहीत टाचून ठेवलं. पाचवं चित्र विकलेलंच आहे, फक्त मला ते विकता येत नाही.

१८ जुलै, गुरुवार

एगॉनकाकांना विचारलं. सात कुणी घेतलं माहीत आहे का?

"ज्याचं आहे तो घेईल."

वहीत नाव नाही म्हणालो.

"माझ्या डोक्यात आहे. शेवटच्या दिवशी कळेल तुला." आणि डोळा मारला! म्हाताऱ्यानं मला डोळा मारला.

म्हणजे टिकली त्यांनीच चिकटवली. परस्पर विकलं. दोनदा वाचून दाखवलेलं कलम! मी यांच्यासाठी मावशीशी भांडलो, चिठ्ठ्यांसाठी कोश झिजवला. आणि हे माझ्या गल्ल्यावरची टिकली उचलून माझ्याच भिंतीवर आपला धंदा करतात. खरं राहायचं म्हणून मी टिकली लावली नाही, आणि खोटी टिकली लावली कुणी? ज्याच्यासाठी खरा राहिलो त्यानं.

झोप नाही.

२५ जुलै, गुरुवार

नऊ ताटल्या. चित्र एकही नाही.

३० जुलै, मंगळवार

मावशी भिंतीची मापं घेऊन गेली. माझ्यासमोर. माझ्याच मापपट्टीनं.

एगॉनकाका येतात, बसतात. मी कॉफी देतो, बोलत नाही. त्यांना काही कळतच नाही की कळून घ्यायचं नाही? मी वळलो की माझ्याकडेच बघत असतात. मजा वाटत असेल.

१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी डॉक्टरचा फोन. उद्या निघतो, काही बदललं का?

एगॉनकाका बाकावर होते. दालनात दुसरं कुणी नव्हतं. शब्द जसेच्या तसे लिहितो, नंतर मला माझ्या सोयीनं आठवू नयेत म्हणून.

मी म्हणालो, "सात नंबरचं चित्र मला आज द्या. माझं सगळं त्याच्यावर आहे."

"नाही देता यायचं, पोरा."

"तुम्ही माझ्या पाठीमागे सौदा केलात."

ते हसले. खरोखर हसले. "तुझ्या पाठीमागे — हो. ते खरंय."

त्या हसण्यानं माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुमच्यात चित्रकार वगैरे काही नाही. मासे धुरवणारा माणूस, तो धूरच रंगवणार. मावशीचं पहिल्यापासून बरोबर होतं. मी दया म्हणून भिंत दिली तुम्हाला. नुसती दया म्हणून. आणि तुम्ही निघालात चोर."

त्यांनी हातातला कागद चार घड्या करून खिशात घातला. कप धुतला, पुसला, दांडा उजवीकडे करून फळीवर ठेवला. मी ठेवतो तसा. गेले.

डॉक्टरला फोन केला. काही बदललेलं नाही म्हणून सांगितलं.

बरं वाटायला हवं होतं. म्हणजे, खरं बोलल्यावर वाटतं तसं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

एगॉनकाका आले नाहीत. डॉक्टरची बोट साडेदहाला सुटली. दालनाच्या दारातून दिसते.

४ ऑगस्ट, रविवार

शेवटचा दिवस. चारच.

ज्यांनी घेतली होती ते चौघं आपापली चित्रं घेऊन गेले. पाचच्या सुमारास एगॉनकाका गाडा घेऊन आले. उरलेली नऊ स्वतः उतरवली. मी शिडी धरायला गेलो तर म्हणाले, नको. कॉफी विचारली — नको. बाकाकडे बघितलंही नाही.

"सात तिथेच राहू दे," एवढंच.

चादरी बांधताना मावशीनं विचारलं, "मग आता काय रंगवणार, एगॉन?"

"रंग शेजारच्या मुलींना दिले. त्या कुंपण रंगवतायत."

मावशीनं हातातली गाठ अर्धी सोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बोललास रे तू त्याला?"

मी म्हणालो, करारनाम्याबद्दल बोललो.

सात वाजेपर्यंत थांबलो. सात नंबर न्यायला कुणी आलं नाही. चोरीच्या मालाचा घेणारा उजेडात कशाला येईल?

५ ऑगस्ट, सोमवार

भिंतीवर बावीस ताटल्या. मीच टांगल्या. पाणसळ लावून, दोनदा. मावशी म्हणाली, माशांना पाणसळ कशाला, ते कसेही पोहतात.

सात नंबर मागच्या खोलीत टेकवून ठेवलं आहे. चिठ्ठीसकट, टिकलीसकट. कुणी आलं नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

आजही नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी वाकून खालच्या फळीवर वाडगे मांडत होतो. मागून मावशी आली. पाठीवर तिचा हात. "सात वर्षं बघतेय, येप्पे. एवढा टापटिपीचा तू, आणि हा डावा पट्टा रोज पिळलेला." सरळ केला आणि भट्टीकडे गेली.

मागच्या खोलीत, सात नंबरपाशी गेलो आणि दार लावून घेतलं. मावशीचा हातआरसा आणि मोरीवरचा आरसा. पट्टा सोडला, रोज बांधतो तसा न बघता बांधला. वाकलो.

डावा पट्टा. दोन भोवरे. बुटातून बाहेर आलेली टाच.

१ ऑगस्टला एगॉनकाकांना मी काय बोललो ते वर लिहिलेलं आहे. आत्ता पुन्हा वाचलं. एका अक्षराचीही चूक नाही.